आई-वडिलांना परदेश दाखवायचा: ग्रुप टूर की आपण आखलेली सहल?

पायवाट

सत्तरीच्या आसपासच्या आई-वडिलांना परदेशात फिरवायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "टूर कंपनीबरोबर पाठवा, सगळं आयतं मिळतं." मला हा सल्ला चुकीचा वाटतो. गुडघे दुखत असतील, जिन्यावर दम लागत असेल किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ग्रुप टूर नकोच.

टूरच्या कार्यक्रमपत्रिकेत रात्री किती आणि हॉटेलं किती, एवढंच मोजून बघा. दहा रात्रींत सहा हॉटेलं असतील, तर दर दीड-दोन दिवसांनी बॅगा भरायच्या, सकाळी सातला त्या दाराबाहेर ठेवायच्या आणि आठला बसमध्ये बसायचं. शिवाय जे चालणं पत्रिकेत छापलेलंच नसतं, तेही धरायला हवं. रोम किंवा फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात मोठ्या बसला मोकळा प्रवेश नाही. व्हेनिसला बस शहराच्या कडेच्या त्रोंकेत्तो वाहनतळावर थांबते, पुढे बोट आणि मग पायऱ्यांचे पूल. "शहरदर्शन" या एका शब्दात ही सगळी पायपीट दगडी फरसबंदीवरून होते, आणि गट चालतो तो गाइडच्या वेगाने.

तिसरा प्रश्न लघवीचा. युरोपीय संघाच्या नियमानुसार चालकाने साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. बसचे थांबे या हिशोबाने आणि महामार्गावरच्या सोयींप्रमाणे ठरतात. गोळी घेतलेला माणूस एवढा वेळ धरू शकत नाही, म्हणून तो पाणी पिणं बंद करतो किंवा गोळीच चुकवतो. गोळी घेऊन पाणी बंद केलं तर दुपारी चक्कर येते, गोळी चुकवली तर रक्तदाब चढतो आणि पाय सुजतात.

आपण आखलं तर दहा दिवसांत दोनच मुक्काम ठेवता येतात. दिवसाला एकच मोठं ठिकाण, तेही सकाळी. दुपारी दोन तास खोलीवर आडवं व्हायचं. संध्याकाळी जवळपास, बसून बघता येईल असं काहीतरी. हॉटेल ठरवताना दोन गोष्टी लेखी विचारा. लिफ्ट थेट रस्त्याच्या पातळीवरून निघते का? जुन्या इमारतींत ती बऱ्याचदा सहा-आठ पायऱ्या चढल्यावर सुरू होते. आणि न्हाणीघरात सपाट शॉवर आहे की टब? टबची कड गुडघ्याएवढी उंच आणि आतला तळ ओला. पाय पलीकडे टाकताना आधाराला हातात येतो तो फक्त पडदा. पडायला याहून सोपी जागा नाही.

उंबरठा

पायवाट, वेगाचा मुद्दा मान्य. पण तुम्ही ग्रुप टूरमधले कष्ट मोजलेत आणि स्वतंत्र सहलीतले सोडून दिलेत.

सामानाचंच बघा. बसमध्ये बॅग चालक चढवतो. ट्रेनमध्ये ती कोण चढवणार? मधल्या स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते, जुन्या डब्यांना दोन-तीन उंच पायऱ्या असतात, आणि फलाट ऐन वेळी बदलला की भुयारी मार्गाने पलीकडे धावायचं. तीन-चार मोठ्या बॅगा आणि हात धरायला लागणारी दोन माणसं, अशा वेळी मुलगा किंवा मुलगी एकटी पडते.

दुसरं, दोघांपैकी एकाला दवाखान्यात न्यावं लागलं तर? आई दवाखान्यात, बाबा हॉटेलवर, आणि मुलाला दोन्हीकडे असायला हवं. टूरमध्ये निदान टूर मॅनेजर असतो. तो गट सोडून तिथे थांबत नाही हे खरं, पण स्थानिक एजंटला बोलावतो आणि उरलेल्या माणसाला सांभाळून नेतो.

आणि सोबतीचं काय? समवयस्क मंडळी भेटली की आई-वडिलांचा दिवस खुलतो. मुलांबरोबर फिरताना बरेचजण "माझ्यामुळे तुमचं बघायचं राहतंय" या संकोचात पाय दुखतोय हेही सांगत नाहीत. अनोळखी सहप्रवाशाला ते बिनदिक्कत म्हणतात, "चला, जरा टेकू."

पायवाट

उंबरठा, सामानाला उपाय आहे. जपानमध्ये ताक्युबिन सेवेने बॅग एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात जाते, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पोचते. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेचीच सामान पोचवण्याची सेवा आहे. मधल्या रात्रीपुरते कपडे आणि सगळी औषधं पाठीवरच्या पिशवीत ठेवायची. जिथे अशी सोय नाही तिथे गाडी न बदलता जाता येईल अशाच दोन शहरांत मुक्काम करायचा.

शहरही बघून निवडावं. सिंगापूरच्या मेट्रोत प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे. पॅरिसच्या मेट्रोत पूर्णपणे विनापायरी मार्ग फक्त १४ क्रमांकाचा. बाकी ठिकाणी जिने आणि लांबलचक बोगदे, म्हणून तिथे आई-वडिलांसोबत शहर बसनेच फिरावं. बसला चढायला उतरती फळी (रॅम्प) असते आणि खिडकीतून शहरही दिसतं.

दवाखान्याच्या मुद्द्याला माझ्याकडे तोडगा नाही. म्हणूनच दोन ज्येष्ठांमागे दोन धडधाकट माणसं हवीत, असं मी म्हणेन. एकट्याने दोघांना नेऊ नये.

समुद्रपक्षी

टूर की स्वतंत्र, या वादाच्या आधी विमानतळाचं बोलू. सहल बिघडते ती बहुतेक तिथेच, आणि दोन्ही प्रकारांत सारखीच.

"व्हीलचेअर सांगितली आहे" एवढं पुरत नाही. विमान कंपन्यांचे तीन वेगळे कोड असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालवत नाही, पण विमानाच्या पायऱ्या चढता येतात. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही चढता येत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंतही न्यावं लागतं. बुकिंग करणारा सवयीने पहिला कोड टाकतो. मग विमान टर्मिनलला न लागता दूर उभं राहिलं की बसने नेतात आणि समोर वीसेक पायऱ्यांचा जिना उभा. उचलून नेणारी लिफ्टगाडी त्या कोडला लागू नसते, आणि ऐन वेळी मागून मिळेलच असं नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला दुसरा कोडच हवा.

मागणी उड्डाणाच्या किमान ४८ तास आधी नोंदवा, प्रत्येक उड्डाणासाठी वेगळी तपासा, परतीचंही विसरू नका. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची विमानं असतील तर पहिल्या कंपनीकडची नोंद दुसरीकडे पोचली का, हे फोन करून विचारा.

आणखी एक. मदत घेणाऱ्या प्रवाशांना विमानातून सगळ्यात शेवटी उतरवतात. सगळे उतरेपर्यंत अर्धा तास, खुर्ची येईपर्यंत आणखी काही वेळ. सव्वा तासाचं कनेक्शन तिथेच संपतं. तिकीट काढताना मधे तीन तास ठेवा.

कंदील

समुद्रपक्षींच्या प्रतिसादात प्रकृतीची बाजू जोडतो.

चार तासांहून जास्त बसून प्रवास केला की पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. वय, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा कर्करोग असेल तर आणखी वाढतो. दर तासाला घोटे फिरवणं, पोटऱ्या आवळणं, शक्य तेव्हा उठून चालणं हे सगळ्यांसाठी. घोट्याला १५ ते ३० मिलिमीटर पारा दाब देणारे गुडघ्याखालचे मोजे उपयोगी पडतात, पण पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद असतील तर तेच मोजे अपाय करतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत.

इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकू नका. बॅग हरवू शकते, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन निरुपयोगी होतं. पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो, पश्चिमेकडे लांबतो. त्यामुळे डोसांची वेळ डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या, अंदाजाने सरकवू नका.

औषधांचे कायदेही बघा. जपानमध्ये एका महिन्याहून जास्त पुरेल इतकी डॉक्टरी औषधं न्यायची तर आधी परवानगी लागते. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉल आणि कोडीनसाठी पूर्वपरवानगी हवी. खोकल्याच्या औषधात कोडीन असू शकतं, हे लक्षातच येत नाही. मूळ पाकिटं आणि औषधाचं मूळ रासायनिक नाव असलेली चिठ्ठी सोबत ठेवा. गोळ्या काढून डबीत भरून नेऊ नका.

युंगफ्राउयोख हे आल्प्समधलं बर्फाचं ठिकाण स्वित्झर्लंडच्या बहुतेक टूरमध्ये असतं. उंची ३४५४ मीटर. पायथ्याच्या ग्रिंडेलवाल्ड गावाहून रोपवे आणि रेल्वेने पाऊण तासात माणूस वर पोचतो, म्हणजे शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. वर प्राणवायूचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असणाऱ्यांना तिथे नेऊच नये, असं माझं मत आहे. त्याऐवजी स्वित्झर्लंडमधलंच रिगी कुल्म हे शिखर १७९८ मीटरवर आहे. दातेरी रेल्वे जवळजवळ शिखरापर्यंत जाते आणि तिथूनही आल्प्सची रांग समोर दिसते.

वाऱ्याची दिशा

कंदील, इथे मात्र मी तुमच्याशी भांडणार. "नेऊच नये" हा निर्णय तुम्ही आणि मी कोण घेणारे? आयुष्यभर बर्फ न पाहिलेल्या माणसाला पर्याय म्हणून उन्हाळ्यात हिरवीगार रिगी दाखवायची आणि वर सांगायचं, तुमच्या भल्यासाठीच? प्रत्येक सत्तरीचा माणूस रुग्ण नसतो. डॉक्टरांना ३४५४ हा आकडा सांगून, गरज असेल तर हृदयाची तपासणी करून परवानगी मिळत असेल, तर जरूर न्या. आदली रात्र ग्रिंडेलवाल्डला, साधारण हजार मीटरवर काढा. वर गेल्यावर पहिली वीस मिनिटं बसून राहा, सावकाश चाला, तासा-दीड तासात खाली या. डोकं दुखलं, मळमळलं किंवा बसल्या जागी धाप लागली तर लगेच पुढची गाडी पकडा.

नाही म्हणायचंच तर तिथे म्हणा जिथे मधेच परतता येत नाही. रोमला सेंट पीटरच्या घुमटावर ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्टचं तिकीट घेतलं तरी ३२० पायऱ्या चढाव्याच लागतात, शेवटी भिंत तिरकी होत जाते आणि वाट इतकी अरुंद की मागे फिरणं अवघड. "लिफ्ट आहे" एवढं वाचून लोक आई-वडिलांना वर नेतात.

कंदील

तपासणी करून, ठरवून गेलात तर माझी हरकत नाही. माझा आक्षेप न विचारता नेण्याला आहे. टूरमध्ये सगळी बस वर जाते, त्यामुळे "मी खालीच थांबते" म्हणायला आईला फार धीर लागतो. फुप्फुसाचा जुना आजार असेल तर मात्र मी माझं मत बदलणार नाही.

उंबरठा

यावर टूर निवडतानाच विचारायचे प्रश्न आहेत. एखाद्या दिवशी हॉटेलवर थांबलं तर चालेल का, दुपारी तिथे कोणी असेल का? हॉटेल शहरात आहे की विमानतळाजवळ? पत्रिकेत "बाहेरून दर्शन", "छायाचित्रासाठी थांबा" आणि "प्रवेशासह" हे तीन वेगळे प्रकार असतात, प्रत्येक ठिकाणापुढे कोणता आहे? गटात किती माणसं? पंचेचाळीस जणांच्या गटात स्वच्छतागृहाची रांगच अर्धा थांबा खाते.

शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, मीच सांगतो, कारण स्वतंत्र जाणारे इथे अडखळतात. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, १५ दिवस आधीपर्यंत तरी करावाच लागतो. निर्णयाला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. जिथे सर्वाधिक रात्री, त्या देशाकडे अर्ज. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. वृद्धांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन, थोडं मलम चोळून, पुसून मग ठसा द्यायचा आणि बोट सपाट टेकवायचं.

समुद्रपक्षी

विम्यात ३०,००० युरो ही व्हिसाची अट झाली. ज्येष्ठांसाठी खरा प्रश्न आधीपासूनच्या आजाराचा आहे. मधुमेह, रक्तदाब, जुना स्टेंट अर्जात लिहिला नाही तर दावा फेटाळला जातो. लिहिला तरी बऱ्याच पॉलिसी फक्त जीव धोक्यात असताना, प्रकृती स्थिर होईपर्यंतचाच खर्च देतात. "आधीचे आजार" हा परिच्छेद वाचल्याशिवाय पैसे भरू नका. दवाखान्यात दाखल करताना विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा लागतो. तो क्रमांक आई आणि बाबा दोघांच्याही खिशात कागदावर हवा, मुलाच्या मोबाइलमध्ये असून उपयोग नाही.

वाऱ्याची दिशा

त्याच कागदावर हॉटेलचं नाव-पत्ता तिथल्या लिपीत, मुलांचा क्रमांक देशाच्या कोडसह आणि चालू औषधांची नावंही लिहा. आणि पहिल्याच दिवशी आई-बाबांना एकदा स्वतः मुलांना फोन लावायला सांगा. परदेशात रोमिंग किंवा नवं सिम सुरू आहे की नाही, हे चुकामूक झाल्यावर कळून उपयोग नाही.