मदत हवी आहे: कपाळ-नाक तेलकट, गाल कोरडे, वर वांगाचे डाग. कोणतं सीरम घ्यावं? (नाशिक)

सिडको_नाशिक

नमस्कार मंडळी. सीरम घ्यायचंय, पण जितक्या जणांना विचारलं तितकी वेगळी नावं कळली. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

वय ३४. राहायला सिडकोत, नोकरी सातपूर एमआयडीसीत. जाणं-येणं स्कूटरवर, तोंडाला स्कार्फ असतो. धाकटी वर्षाची आहे आणि अजून अंगावर पिते, सल्ला देताना हे कृपया लक्षात घ्या.

त्वचेचं असं आहे की कपाळ, नाक आणि हनुवटी दुपारपर्यंत तेलाने चमकायला लागतात. गाल मात्र तोंड धुतल्याबरोबर ताणतात, थंडीत तर पापुद्रे निघतात. हनुवटीवर अधूनमधून पुळ्या येतात. आणि धाकटीच्या वेळी सातव्या महिन्यात दोन्ही गालांवर वांग आले, ते अजून तसेच आहेत. उन्हाळ्यात गडद होतात, पावसाळ्यात जरा फिके वाटतात.

सध्या अंघोळीच्या साबणानेच तोंड धुते, मग साधं मॉइश्चरायझर. सनस्क्रीन सकाळी एकदा.

कॉलेज रोडच्या एका दुकानात २० टक्के व्हिटॅमिन सी दाखवलं. कंपनीतली मैत्रीण १० टक्के नायसिनामाइड घे म्हणते. बहिणीचा हायलुरॉनिक ॲसिडवर विश्वास. रील्स बघावं तर जिकडेतिकडे रेटिनॉल. सासूबाई जायफळ दुधात उगाळून लावायला सांगतात, आणि त्या मायेने सांगतात म्हणून नाही म्हणायला जड जातं.

माझे प्रश्न: माझी त्वचा नेमकी कुठल्या प्रकारात मोडते? एकच सीरम घ्यायचं तर कोणतं? बाळ अंगावर पीत असताना काय चालतं? महिन्याला सगळं मिळून सहाशे-सातशेच्या वर जमणार नाही.

गोरं व्हायचं नाहीये, तसले उपाय सुचवू नका. गालांचा ताण जावा आणि डाग थोडे फिके व्हावेत, एवढंच हवंय.

इंदिरानगर_०९

ताई, नायसिनामाइड घ्या, पण ५ टक्केवालं. १० टक्क्यांनी माझे गाल लाल व्हायचे. ५ वर आल्यापासून काही त्रास नाही.

अबोली

ताई, तुम्ही नीट माहिती दिलीत म्हणून मीही नीट लिहिते. मी डॉक्टर नाही. वांगासाठी बरीच वर्षं त्वचारोगतज्ज्ञांकडे उपचार घेतलेत आणि या विषयावर जमेल तेवढं वाचलंय.

सगळ्यात आधी साबण सोडा. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५ च्या आसपास. अंघोळीच्या नेहमीच्या साबणाचा पीएच ९-१० असतो. त्याने गालांवरचा वरचा संरक्षक थर रोज थोडा थोडा उसवत राहतो. मग गाल ताणतात, आणि त्यावर कुठलंही सीरम लावलं की झोंबतं. तुमचे गाल मुळात कोरडे आहेत की साबणाने कोरडे पडलेत, हे साबण बंद केल्याशिवाय कळायचं नाही. मेडिकलमध्ये बिनसाबणाचं सौम्य फेसवॉश मिळतं. दोन-तीन आठवडे फक्त ते, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन एवढंच करा. सीरम त्यानंतर.

मग एखाद्या सुटीच्या दिवशी तोंड धुवा, काही न लावता तासभर थांबा आणि आरशात बघा. कपाळ-नाक चमकतंय आणि गाल सुखावलेले आहेत, तर मिश्र त्वचा. गाल तरीही ओढले जात असतील तर तिथली त्वचा खरोखर कोरडी. खाज सुटत असेल, लाली येत असेल तर संवेदनशील, तेव्हा सगळ्यातच टक्केवारी कमी ठेवायची.

आता सीरमकडे येऊ. दुकानदार त्वचेचा प्रकार विचारतात, पण प्रकारावरून ठरतं ते सीरम पाण्यासारखं पातळ हवं, जेल हवं की तेलकट हवं. आतला मुख्य घटक ठरतो तो तक्रारीवरून. तुमच्या तक्रारी तीन: डाग, नाक-कपाळाचं तेल आणि हनुवटीच्या पुळ्या.

नायसिनामाइड म्हणजे ब३ जीवनसत्त्व. ते तेल थोडं आटोक्यात ठेवतं, संरक्षक थर सुधारतं आणि रंगद्रव्य तयार झाल्यावर ते वरच्या पेशींमध्ये पोचण्याला अडथळा करतं. तुमच्या तिन्ही तक्रारींना स्पर्श करणारा आणि सहज सोसणारा घटक हाच, म्हणून पहिली बाटली याचीच घ्या. इंदिरानगरच्या ताई म्हणतात तसं ५ टक्के पुरे. डागांवरचे बरेचसे प्रयोग ४-५ टक्क्यांवरच झालेत. १० टक्के म्हणजे दुप्पट गुण असं काही नसतं.

दुसरा घटक, ज्याचं नाव तुम्हाला कुणीच सांगितलेलं दिसत नाही, तो ॲझेलाइक ॲसिड. गहू-जवासारख्या धान्यांतही हा सापडतो. रंगद्रव्य बनवणाऱ्या विकराला तो आवर घालतो आणि पुळ्यांवरही चालतो. वांग आणि पुळ्या दोन्ही असतील तर डॉक्टर अनेकदा हाच देतात. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना सुरक्षित मानल्या जाणाऱ्या थोड्या औषधांपैकी हा आहे. फक्त लावल्या लावल्या बाळाचा गाल आपल्या गालाला लागू देऊ नका. ती झोपल्यावर लावा.

व्हिटॅमिन सी चांगलं आहे, यात शंका नाही. पण २० टक्के शुद्ध ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सीच, चालायला सीरमचा पीएच साडेतीनच्या खाली लागतो. तुमच्या आत्ताच्या गालांना ते आग आग करेल. शिवाय ते हवा आणि उजेड लागला की बिघडतं. पांढरट-फिकट सीरम नारिंगी-तपकिरी झालं की समजायचं, गेलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतसुद्धा ते लवकर बिघडतं. पुढे कधी घ्यावंसं वाटलं तर १० टक्के, गडद काचेची लहान बाटली, आणि फ्रिजमध्ये ठेवा.

रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, आत्ता अजिबात नको. गरोदरपणात ते वर्ज्य आणि अंगावर पाजत असतानाही टाळायलाच सांगतात. बाळाचं अंगावरचं दूध सुटल्यावर बघू.

आणि जायफळ. सासूबाईंना दुखवू नका, पण चेहऱ्यावर लावू नका. जायफळातल्या उडनशील तेलांनी त्वचा चिडू शकते आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत जिथे दाह होतो तिथे नंतर काळा डाग राहतो. वांगावर नवा डाग नको. लिंबाचंही तेच, लिंबू लावून उन्हात गेलं तर अक्षरशः भाजल्यासारखे चट्टे उठतात. त्यांना सांगा, डॉक्टरांनी बाळ पिईपर्यंत काही लावू नको म्हटलंय. आमच्या घरी हेच चाललं.

निफाडकर

आमच्या निफाडला थंडीत पारा किती उतरतो हे पेपरात वाचत असालच. त्यावरून हायलुरॉनिक ॲसिडबद्दल एक सांगतो. ते पाणी धरून ठेवणारं आहे, स्वतः पाणी देणारं नाही. कोरड्या हवेत कोरड्या गालावर नुसतंच लावलं तर गाल आणखी ओढल्यासारखे वाटतात. माझ्या पत्नीचं हेच होत होतं. तोंड ओलसर असताना लावायचं आणि लगेच वर मॉइश्चरायझर. तसं केल्यावर फरक पडला. पावसाळ्यात तर त्याची गरजही भासत नाही.

सिडको_नाशिक

अबोलीताई, इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. निफाडकर दादा, बहिणीला हे आजच कळवते.

दोन शंका. नायसिनामाइड आणि ॲझेलाइक दोन्ही घेतले तर महिन्याच्या पैशांत कसं बसेल? आणि ओळखीतल्या एकीने वांगासाठी मेडिकलमधून एक ट्यूब आणली, तिचे डाग दहा दिवसांत फिके झाले. ती ट्यूब घेऊ का?

औषध_नाशिकरोड

ताई, मी फार्मासिस्ट आहे. ती ट्यूब घेऊ नका. आधी तिच्यावरची नावं वाचा. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि त्यासोबत मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन किंवा बीटामेथासोन असं काही असेल तर शेवटचं नाव स्टेरॉइडचं आहे. दहा दिवसांत डाग फिके होतात ते बऱ्याचदा त्याच्याचमुळे. डॉक्टर ही ट्यूब देतात, पण मोजक्या आठवड्यांसाठी आणि लक्ष ठेवून. लोक ती क्रीमसारखी वर्षानुवर्षं लावतात. मग त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसायला लागतात, पुळ्या उठतात, केस येतात, आणि बंद केली की चेहरा पेटतो म्हणून परत तीच लावली जाते. काउंटरवर अशा चेहऱ्यांच्या मुली आल्या की जीव तुटतो. २०१८ मध्ये सरकारने लावायची अनेक स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत. तरीही ‘अमकीने लावली ती द्या’ म्हणून मागणी येतेच. तुमच्या मैत्रिणीलाही सांगा, पण एकदम बंद करू नको, डॉक्टरांना दाखवून कमी कर असं सांगा.

आता खर्चाचं. ३० मिलीच्या बाटलीत साधारण सहाशे थेंब असतात. रात्री चेहऱ्याला चार थेंब पुरतात, म्हणजे एक बाटली चार-पाच महिने जाते. पाचशे-सहाशेची बाटली धरली तरी महिन्याला सव्वाशे-दीडशे. पण बाटलीवर उघड्या डबीचं चिन्ह असतं आणि त्यात ६ एम, १२ एम असं लिहिलेलं असतं, उघडल्यापासून तितकेच महिने वापरायची. उत्पादनाची तारीख, बॅच आणि परवाना क्रमांक नसेल तर ऑनलाइन कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

खरा पैसा सनस्क्रीनवर जातो आणि तिथेच लोक काटकसर करतात. चेहरा आणि मानेला तर्जनी आणि मधल्या बोटावर भरून दोन रेघा लागतात. तेवढी दिवसातून दोनदा लावली तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरसुद्धा पुरत नाही. तुमचे सहाशे-सातशे असे वाटा: बहुतेक रक्कम सनस्क्रीनला, उरलेली फेसवॉश-मॉइश्चरायझरला, आणि सीरम चार महिन्यांतून एकदा.

अबोली

फार्मासिस्ट दादांचा सनस्क्रीनचा मुद्दा वांगाच्या बाबतीत तर फारच महत्त्वाचा आहे. वांग नुसत्या अतिनील किरणांनी वाढत नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वाढतात. साधी सनस्क्रीन तो उजेड फारसा अडवत नाही. त्यासाठी रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेली सनस्क्रीन येते, फाउंडेशनसारख्या गव्हाळ छटेची. एसपीएफ ३० किंवा जास्त आणि घटकांत आयर्न ऑक्साइड, एवढं बघा. सकाळी निघायच्या वीस मिनिटं आधी लावा आणि संध्याकाळी कंपनीतून निघताना परत. त्या वेळी सातपूरहून घरी येताना ऊन बाजूने थेट गालांवर येतं. सनस्क्रीन नसेल तर हजाराचं सीरमही वाया.

उष्णतेनेही वांग चाळवतात. पोळ्या करताना तोंड तव्यावर आणू नका, एक्झॉस्ट सुरू ठेवा. आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, हार्मोनच्या गोळ्या चालू असल्या की वांग सहसा लवकर हटत नाहीत.

स्कार्फ सुती घ्या, रोज धुतलेला. हनुवटीवरच्या पुळ्या नेमक्या जिथे घामाने ओला स्कार्फ घासतो तिथेच येतात का, तेही बघा. तसं असेल तर निम्मी तक्रार स्कार्फ बदलल्यानेच जाईल.

सिडको_नाशिक

पुळ्या तिथेच येतात! गाठ मारते त्या बाजूला जास्त. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आता शेवटचं. सुरुवात कशी करू आणि डॉक्टरांकडे कधी जाऊ? खासगी तज्ज्ञांची फी आणि वर प्रॉडक्ट, दोन्ही एकदम झेपणार नाही.

इंदिरानगर_०९

मी आधी कानामागे लावून बघितलं होतं, तीन रात्री. तिथे काही झालं नाही मग हनुवटीजवळ, मग सगळीकडे.

अबोली

बरोबर, तसंच करा. आधी फेसवॉशचे दोन-तीन आठवडे. मग नायसिनामाइड रात्री, एक दिवसाआड. त्रास नसेल तर रोज. महिनाभर दुसरं काही नवीन आणू नका, नाहीतर काय सोसलं आणि काय नाही हे कळत नाही. त्यानंतर वाटलं तर ॲझेलाइक १० टक्के, तेही एक दिवसाआड. पहिले काही दिवस त्याने थोडी खाज, टोचल्यासारखं होतं, ते मॉइश्चरायझर आधी लावून वर ॲझेलाइक लावलं तर कमी होतं. आग होऊन लाल झालं तर मात्र बंद. डाग फिके व्हायला तीन महिने तरी द्या. दर महिन्याला खिडकीशी, सकाळच्या त्याच वेळेला फोटो काढा, आरशात रोज बघून फरक दिसत नाही.

डॉक्टरांकडे खरं तर एकदा आधीच जाऊन या. गालावरचा प्रत्येक काळा डाग वांगच असतो असं नाही, आणि वांग किती खोल आहेत त्यावर उपचार ठरतात. त्र्यंबक रोडला सिव्हिल आहे, आडगावला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे. तिथल्या त्वचारोगाच्या ओपीडीत फार कमी खर्चात तपासून होतं. त्वचेची ओपीडी कोणत्या वारी आहे ते आधी फोनवर विचारा, सुटी टाकून फेरी फुकट जायला नको. वापरत असलेल्या सगळ्या ट्यूबा-बाटल्या पिशवीत घालून न्या आणि बाळ अंगावर पितंय हे स्वतःहून सांगा.

औषध_नाशिकरोड

ॲझेलाइक घ्यायच्या आधी ओपीडीतून डॉक्टरांची चिठ्ठी करून घ्या ताई. डॉक्टरांनी लिहिलं तर मेडिकलमधली क्रीम मिळते, सीरमच्या नावाने विकतात त्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते.

सिडको_नाशिक

ठीक आहे. फेसवॉश आणि रंगीत सनस्क्रीन पगार झाला की घेते, ओपीडीसाठी पुढच्या आठवड्यात अर्धी रजा टाकते. रंगीत सनस्क्रीन स्कार्फला लागून निघून जाते का, हे कुणी वापरत असेल तर सांगा.

इंदिरानगर_०९

थोडी लागते. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, मग स्कार्फ बांधा, आणि गालांवर घट्ट आवळू नका. कंपनीत पोचल्यावर गालांवर हलक्या हाताने पुन्हा एक थर द्यायचा, मी पर्समध्ये छोटी ट्यूब ठेवते.