‘अॅफिनिटी रेझिन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात प्रथिनांवर काम करते. विज्ञान दिनाला बारावीच्या मुलांपुढं मराठीतून बोलायचंय. यूबिक्विटिन (दुसऱ्या प्रथिनांना जोडलं जाणारं एक छोटं प्रथिन) जोडलेली प्रथिनं पेशींच्या काल्यातून कशी काढतात ते सांगणार आहे, पण ‘अॅफिनिटी रेझिन’पाशी, म्हणजे हवं तेच प्रथिन धरून ठेवणाऱ्या बारीक दाण्यांपाशी, अडले. ‘आसक्ती राळ’ लिहून बघितलं, मलाच कसंतरी झालं. लॅबमध्ये आम्ही सरळ ‘बीड्स घाल, वॉश दे, इल्यूट कर (धरलेलं प्रथिन सुटं कर)’ म्हणतो. सुचवा ना.

उत्तर : ताई, राळ आधी काढून टाका. राळ म्हणजे झाडाचा वाळलेला चीक, हाताला लागली की सुटता सुटत नाही. तुमचे मणी बहुधा अॅगारोजचे, समुद्रशेवाळातल्या शर्करेचे. नळी उभी ठेवली की साबुदाण्यासारखे पांढुरके तळाशी बसतात. भलतंसलतं चिकटू नये म्हणूनच तर ते निवडलेत. ‘मणी’ म्हणा, पुरे.

अॅफिनिटीला माझा शब्द ‘सोयरीक’. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच लग्नानं जुळलेलं नातं, रक्ताचं नव्हे. आपल्याकडं भाऊबंद वेगळे, सोयरे वेगळे, तसंच. शिवाय सोयरीक जुळते तशी मोडतेही, आणि तुमच्या कामात ते मोडणंच महत्त्वाचं. हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं शेपूट लावलेलं यूबिक्विटिन निकेल बसवलेले मणी धरून ठेवतात. मग वरून इमिडाझोल ओतायचं. इमिडाझोल म्हणजे हिस्टिडिनच्याच अंगातलं वलय, तेही भरपूर. निकेल त्याच्याशी जुळतो आणि यूबिक्विटिन, ज्या प्रथिनाला जोडलंय त्याच्यासकट, मोकळं होतं. तोलामोलाचं दुसरं स्थळ आलं म्हणा, पोरांना लगेच कळेल.

प्रथिन वेगळं काढण्याला ‘विलगीकरण’ मात्र नको. २०२० नंतर तो शब्द ऐकला की करोनाची खोलीच आठवते. ‘वेचून काढणे’ लिहा. कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफी दुकानांची धूळ धुऊन झारेकरी सोनं वेचतात, त्याचा दाखलाही देता येईल. फक्त तिथं सोनं जडपणामुळं खाली राहतं, इथं सोयरिकीमुळं, एवढं सांगा.

आणखी एक उत्तर : वरचं पटलं. ‘टॅग’बद्दल, म्हणजे प्रथिनाला जोडलेल्या यूबिक्विटिनबद्दल, थोडं. यूबिक्विटिनला ‘मृत्यूची चिठ्ठी’ म्हणायची पद्धत आहे, २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल यूबिक्विटिन लावून प्रथिनं नष्ट करण्याच्या वाटेच्या शोधालाच होतं. पण ७६ अमिनो आम्लांच्या या रेणूची साखळी ४८ व्या जागेवरच्या लायसिनवरून वाढली तर प्रथिन सहसा मोडीत निघतं, ६३ व्या जागेवरच्या लायसिनवरून वाढली तर संदेशवहन, डीएनएची दुरुस्ती अशी कामं होतात. त्यामुळं नुसतं ‘खूण’ म्हणा. मुलांच्या डोक्यात अर्धवट चित्र बसायला नको.

प्रश्नकर्ती : मणी, सोयरीक, खूण, तिन्ही घेतले. इल्यूटला ‘सोडवून घेणे’ लिहिते. आता एकच राहिलं : पेशी फोडताच जी विकरं ही खूण कापून टाकतात आणि ज्यांना थोपवायला आम्ही एन-इथिलमॅलिमाइड घालतो, त्यांना काय म्हणू?

उत्तर : ‘खूणपुशी विकरं’.