निलगिरीच्या गाडीचे दात ओढायला की धरायला?

धोटा
मी इचलकरंजीत लूमचा जॉबर आहे, म्हणजे कापड विणायचे माग लावणारा-दुरुस्त करणारा. साध्या लूमवर काम, म्हणजे दिवसभर हात दातेरी चाकांत. चाकाला चाक लागून फिरताना बघायला मला पोरवयापासून आवडतं, आणि पोटापाण्याचं कामही तेच मिळालं.

लूम न बघितलेल्यांसाठी थोडं सांगतो. आडवा धागा नेणारा धोटा एकदा इकडून तिकडं गेला की एक पिक. दर पिकाला कापड जरासं पुढं ओढलं गेलं पाहिजे, आणि दर वेळी तेवढंच. हे काम सात चाकी टेक-अप करतं. रॅचेटला २४ दात, एका पिकाला एक दात सरकतो. त्याच्या जोडीला ३६ चं चाक, मग बदली चाक, मग २४, ८९, १५ आणि शेवटी ९०. त्या ९० च्या चाकाबरोबर कापड ओढणारा रोलर फिरतो. क्वालिटी बदलली की यातलं फक्त बदली चाक बदलायचं. ४४ दातांचं घातलं की इंचाला ४४ पिक, ५२ दातांचं घातलं की ५२. एक दात, एक पिक. कापड लूमवरून उतरल्यावर साधारण दीड टक्का आटतं, तेसुद्धा या आकड्यांत धरलेलं आहे. मी एकदा कागदावर सगळा गुणाकार-भागाकार करून बघितला, आणि ज्यानं हे बसवलं त्याच्यापुढं हात जोडावेसे वाटले.

आता प्रश्न. घरच्यांना घेऊन ऊटीला जायचं ठरतंय. मेट्टुपालयमहून वर ऊटीला जाणाऱ्या निलगिरीच्या गाडीचे व्हिडिओ रोज रात्री बघतोय. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि इंजिनाखाली तिच्यात चालणारं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक. पण आपली माथेरानची गाडी दातांशिवाय डोंगर चढते, मग हिलाच दात का? माझ्या लूममध्ये दात हिशेबासाठी आहेत. इथं ते ओढायला आहेत की धरायला?

आणखी एक. पट्टी एकच नाही, दोन शेजारी शेजारी दिसतात, आणि त्यांचे दात एकमेकांसमोर नाहीत, पुढंमागं आहेत. शिवाय साध्या रुळावरून पट्टीवर येताना दातावर दात बसत नाही का? चालू लूममध्ये मी चाक घालायला गेलो तर दातांचा भुगा होईल.

घाटबँकर
जॉबरसाहेब, माझी सगळी नोकरी कर्जत-लोणावळा घाटात गेली, त्यामुळे चढाचं मी सांगतो. दातांचं कुणी कारखान्यातला माणूस सांगेल.

भोर घाटात चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढं गेलात की एक फूट वर. त्यासाठीसुद्धा कर्जतला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. माथेरानला २० ला १. तुमच्या ऊटीच्या गाडीला कल्लार ते कुन्नूर १२ ला १.

हिशेबापुरती १०० टनांची गाडी धरा. १२ ला १ च्या चढावर ती नुसती जागेवर थोपवायलाच आठ टनांहून जास्त जोर लागतो. इंजिनाच्या चालत्या चाकांवर ४० टन वजन आहे असं समजा. कोरड्या रुळावर पोलादाची पोलादावर पकड साधारण वजनाच्या पाव भागाइतकी, म्हणजे दहा टन. वाटतं की निभेल. पण पाऊस पडू द्या, रुळावर ओला पाला पडू द्या, पकड निम्म्यावर येते किंवा त्याहूनही खाली, आणि चाकं जागच्या जागी गरगरायला लागतात. आम्ही घाटात वाळू टाकायचो ती याच कारणासाठी.

माथेरानला रूळ दोन फुटी, गाडी छोटी, आणि वळणावर वळणं घेऊन चढ २० ला १ च्या आत राखला. १९०७ साली ती लाइन चालू झाली तेव्हापासून नुसत्या चाकाच्या पकडीवर चालते आहे. निलगिरीत कल्लारच्या पुढं डोंगर अंगावरच येतो. वीसेक किलोमीटरमध्ये तेराशे मीटरच्या आसपास चढायचं. कुन्नूरपर्यंतची लाइन १८९९ ची. वर ऊटीपर्यंत १९०८ मध्ये गेली, आणि त्या वरच्या भागात चढ सौम्य आहे म्हणून तिथं दात नाहीत.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: दोन्हीला, पण मला विचाराल तर धरायला जास्त. घाटात काम केलेल्या माणसाला चढाची काळजी कमी, उताराची जास्त. चढताना चाक घसरलं तर गाडी थांबते. उतरताना घसरलं तर थांबत नाही. म्हणून तिथं इंजिन कायम खालच्या बाजूला असतं. चढताना मागून ढकलतं, उतरताना पुढं राहून सगळ्या गाडीचा भार झेलतं. कपलिंग तुटलं तरी डबे इंजिनावरच येऊन टेकतील. आणि व्हिडिओत नीट बघा, डब्यांच्या टोकाला उघड्या जागेत ब्रेकवाले उभे असतात. त्यांच्या हातात चाकाचा ब्रेक वेगळा आणि पिनियनचा वेगळा. ही माणसं मला त्या गाडीतली सगळ्यात मोलाची वाटतात.

मॉड्यूल_३
कारखान्यातला माणूस हजर आहे. शिरोली एमआयडीसीत गियर कापतो.

भावा, आधी दोन पट्ट्यांचं. ही आब्ट पद्धत. रोमान आब्ट हा स्विस इंजिनियर, आधी रिगेनबाखच्या हाताखाली होता. रिगेनबाखनं १८७१ मध्ये रिगी डोंगरावर जी लाइन काढली तिच्या मधोमध अक्षरशः शिडी आडवी टाकली होती, दोन पट्ट्या आणि मध्ये पायऱ्या. आब्टनं पायऱ्या काढून टाकल्या आणि दातेरी पट्ट्याच शेजारी शेजारी उभ्या केल्या. एका पट्टीचा दात जिथं, तिथं दुसरीची खाच. इंजिनावरही पिनियनच्या दोन चकत्या तशाच अर्ध्या दातानं पुढंमागं. एका चकतीचा दात सुटायच्या बेताला आला की दुसरीचा पूर्ण बसलेला असतो. त्यामुळे धक्का बसत नाही, आणि एखादा दात तुटला तरी गाडी हवेत नाही. मी हेलिकल, म्हणजे तिरक्या दातांचे, गियर कापतो तेही याच विचाराचं पुढचं टोक आहे: भार एका दातावरून दुसऱ्यावर झटक्यानं न जाता सरकत गेला पाहिजे.

पट्टीवर येण्याचं: सुरुवातीचा तुकडा पक्का ठोकलेला नसतो. तो स्प्रिंगवर असतो आणि टोकाचे दात उतरते कापलेले. गाडी चालण्याच्या वेगावर आणतात. दातावर दात आला तर तुकडा खाली दबतो, पिनियन जरासं फिरतं, खाच सापडते, तुकडा वर येतो. इतकं साधं आहे, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगमध्येही तसंच सापडतं.

इंजिनाचं घाटबँकर काकांनी सांगितलं नाही म्हणून सांगतो. ही एक्स क्लास इंजिनं स्वित्झर्लंडच्या विंटरथूरची, पुढची काही त्रिचीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपमध्ये बांधलेली. सिलिंडर चार. खालच्या दोनांत ताजी वाफ, ते रुळावरची चाकं फिरवतात. तीच वापरलेली वाफ वरच्या दोन सिलिंडरांत जाऊन पिनियन फिरवते. सपाटीला वरचे दोन बंद, पट्टी लागली की चालू. एकाच बाजूला कनेक्टिंग रॉडच्या दोन जोड्या स्वतंत्र चालताना दिसतात. ते बघायला मी कुठंही जाईन.

आणि तुझ्या ८९ वरून राहवत नाही. ८९ ला कशानंच भाग जात नाही. त्यामुळे २४ च्या चाकाचा प्रत्येक दात ८९ च्या प्रत्येक दाताला भेटतो, आणि तीच जोडी परत जमायला छोट्या चाकाचे ८९ फेरे लागतात. एक दात जरा खराब असला तरी त्याची झीज सगळ्यांत वाटली जाते. आमच्या लेथवर असंच १२७ चं गियर असतं. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर, म्हणून इंची लीडस्क्रूवर (लेथचा आट्यांचा लांब दांडा) मिलिमीटरचे आटे पाडायला ते लागतंच. तेही कशानं भागत नाही. हे गियर मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा उस्तादांनी दात मोजायला लावले होते.

लुझर्नकर
मी लुझर्नला राहते, इथून पिलाटुसची लाइन जवळ आहे. १८८९ ची. तिथं चढ ४८ टक्के, म्हणजे जवळजवळ दोनाला एक. इतक्या उभ्या चढावर वरून बसलेलं पिनियन दातांवर चढून बाहेर निघायची भीती असते. म्हणून एडुआर्ड लोखरनं पट्टी आडवी केली, दात डावी-उजवीकडं, आणि दोन्ही बाजूंनी दोन आडवी पिनियन तिला चिमटीत धरतात. निसटायला जागाच नाही. आल्पनाखश्टाडला खालच्या स्टेशनात उभं राहून ती पट्टी जवळून दिसते. दातांवर वंगणाचा काळा थर असतो, आणि जिथं पिनियन टेकतं तेवढीच जागा आरशासारखी.

धोटा
काका, भावा, ताई, तिघांचेही मनापासून आभार. ताईंच्या त्या आरशासारख्या जागेवरून एक गोष्ट डोक्यात आली. शिडीवर माणूस चढो की उतरो, पाय पायरीच्या वरच्याच अंगावर पडतो. मग इंजिन जर कायम खालच्या बाजूला असेल आणि डोंगर कायम खालीच ओढत असेल, तर चढताना आणि उतरताना पट्टीच्या दाताची एकच बाजू घासत असणार, डोंगराकडची. दुसरी बाजू कोरीच राहील. आमच्याकडं चाक एका अंगानं झिजलं की उलटं करून घालतो आणि ते पुन्हा तेवढंच चालतं. या पट्ट्याही उलट्या फिरवून टाकता येत असतील का?

घाटबँकर
तुमचं बरोबर आहे, भार एकाच बाजूला येतो. वाटेत हिलग्रोव्हला इंजिन पाणी घेतं, तेवढ्यात खाली उतरता येतं. तिथं पट्टी रुळांच्या मध्ये समोरच असते. दाताची दोन्ही अंगं बघा आणि फोटो इथं टाका. तिकिटं मात्र आत्ताच काढा, सीट फार थोड्या असतात.