कन्सर्न म्हणजे काळजी, मग 'पर्सन कन्सर्न्ड' म्हणजे काळजीत पडलेला माणूस का नाही?

रानपाखरू:
शाळेत कन्सर्न म्हणजे काळजी, चिंता असंच पाठ केलेलं. पण कामाच्या मेल्समध्ये हा शब्द इतक्या ठिकाणी दिसतो की दरवेळी काळजी लावून बघितलं तर अर्थच लागत नाही. एकाने लिहिलंय 'आय हॅव अ फ्यू कन्सर्न्स अबाउट द प्लॅन', दुसरा म्हणतो 'कॉन्टॅक्ट द पर्सन कन्सर्न्ड', आणि ऑडिट रिपोर्टमध्ये तर 'गोइंग कन्सर्न'. हे सगळं एकाच शब्दातून कसं निघतं? आणि वरी असताना कन्सर्न कधी वापरायचा? डिक्शनरीतली यादी नको प्लीज, ती बघून झाली.

पिंपळपान:
काळजीपासून नाही, संबंधापासून सुरुवात करा, मग उलगडेल. मूळ लॅटिन शब्दात चाळणं, निवडणं असा अर्थ होता, मध्ययुगीन लॅटिनमध्ये तो 'संबंध असणं' असा झाला आणि तोच पुढे इंग्रजीत आला. काळजी त्यातूनच आली, कारण ज्याच्याशी आपलं देणंघेणं असतं त्याचाच घोर लागतो. 'टू हूम इट मे कन्सर्न' म्हणजे ज्याचा संबंध असेल त्याला. 'नन ऑफ युवर कन्सर्न' म्हणजे तुला काय करायचंय, तिथे काळजीचा पत्ताच नाही.

आणि जागा बघा, हे फार महत्त्वाचं आहे. 'द पेरेंट्स कन्सर्न्ड' म्हणजे संबंधित पालक, पण 'कन्सर्न्ड पेरेंट्स' म्हणजे काळजीत असलेले पालक. आपण मराठी शब्दक्रमाने 'कन्सर्न्ड ऑफिसर' लिहून टाकतो आणि परक्या वाचणाऱ्याला वाटतं की साहेबांना काहीतरी टेन्शन आहे. पुढचा शब्दही बघायचा, अबाउट आला की काळजी, विथ आला की बहुतेक विषय, म्हणजे 'धिस चॅप्टर इज कन्सर्न्ड विथ टॅक्स', आणि फॉर आला की कुणाबद्दल तरी जीव तुटतोय.

दिवेलागण:
वरीबद्दल सांगते. वरी मनातली असते, रात्री झोप उडवते ती. कन्सर्न त्यामानाने शांत, विचार करून बोलून दाखवलेला. म्हणून मेलमधल्या 'फ्यू कन्सर्न्स'ला काळजी समजू नका, ते सभ्य भाषेतले आक्षेप आहेत आणि त्यांना मुद्देसूद उत्तर अपेक्षित असतं. 'डोन्ट वरी' असं उत्तर तिथे कधीच देऊ नका, समोरच्याला उडवून लावल्यासारखं वाटतं.
कोविडच्या वेळचं आठवतंय का? डब्ल्यूएचओने नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमिक्रॉनला 'व्हेरिएंट ऑफ कन्सर्न' ठरवलं होतं. त्याच्या खालची पायरी 'व्हेरिएंट ऑफ इंटरेस्ट', म्हणजे लक्ष ठेवा. कन्सर्न म्हणजे गंभीरपणे घ्या, घाबरा असं नाही. ही छटा मला फार नेमकी वाटते.

ताळेबंद:
गोइंग कन्सर्नचं मी सांगतो, रोजचं काम आहे. इथे कन्सर्न म्हणजे धंदा, फर्म. धंदा पुढेही चालू राहणार असं धरून हिशेब मांडलेत एवढाच अर्थ, आणि आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग नियमांप्रमाणे त्यासाठी हिशेबाचा काळ संपल्यापासून निदान १२ महिने पुढचं बघावं लागतं. चालू असलेली काळजी असा अर्थ लावून लोक उगाच धसका घेतात, नुसता तो शब्द दिसला म्हणून घाबरू नका. 'मटेरियल अनसर्टन्टी रिलेटेड टू गोइंग कन्सर्न' असं वेगळं हेडिंग दिसलं तर मात्र प्रत्येक ओळ वाचा, कारण तिथे ऑडिटर सांगत असतो की हा धंदा टिकेल की नाही याबद्दल मोठी शंका घ्यायला जागा आहे.

रानपाखरू:
खूप आभार सगळ्यांचे. अजून एकच, 'दॅट्स कन्सर्निंग' हे बरोबर आहे का? मला कन्सर्निंग म्हणजे 'च्या संदर्भात' एवढंच माहीत होतं.

पिंपळपान:
दोन्ही चालतं. पुढे नाम असेल तर संदर्भात, 'कन्सर्निंग युवर लेटर'. वाक्य तिथेच संपलं तर चिंताजनक. काही जुन्या वळणाच्या लोकांना दुसरा वापर खटकतो, त्यामुळे फॉर्मल पत्रात 'वरीइंग' लिहिलेलं बरं.