रोज एक पान लिहिलं की लेखक होतो का?

संगमावरचा
दोन वर्षं झाली, पहाटे साडेपाचला उठून रोज एक पान लिहितोय. दोनशे पानी चौथी वही चालू आहे. सांगलीजवळ हरिपूरला राहतो, लिहून झालं की कृष्णा-वारणेच्या संगमावर चक्कर. माझं मत स्पष्ट आहे: प्रतिभा-बितिभा थोतांड, रियाज खरा. आपल्या शेटफळ्यात जन्मलेल्या गदिमांनी पुणे आकाशवाणीसाठी 1955-56 मध्ये आठवड्याला एक अशी गीतरामायणाची 56 गीतं दिली. स्फूर्तीची वाट बघत बसले असते तर राम अयोध्येतच राहिला असता. पटत नसेल तर बोला.

बिनसाखरेचा चहा
उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. गदिमा तेव्हा पस्तिशीत होते, सिनेमासाठी लिहून हात तयार झालेला. शिवाय दर आठवड्याला चाल लावायला बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, थांबलेले. तुमच्या वहीसाठी कोण थांबलंय?

मिरज जंक्शन
रियाज शब्द काढलात म्हणून सांगतो. मी सतारमेकर गल्लीच्या मागं लहानाचा मोठा झालो. तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा नाद खुलवताना, बघा एकदा. तारा टेकतात त्या घोडीचा माथा जरासा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. हात वर्षा-दोन वर्षांत बसतो. कान मात्र शेजारी बसलेला म्हातारा तयार करतो, "नाही, अजून बंद वाजतीय" असं म्हणून म्हणून. एकट्यानं वीस वर्षं घासलं तर घोडीच संपेल. तुमची पानं कुणी वाचतं का?

संगमावरचा
नाही. बायकोलाही दाखवली नाहीत. पण मग वाटेगावच्या अण्णा भाऊ साठेंना कुणी शिकवलं? शाळा जेमतेम दीड दिवसाची.

झुणका एक्स्प्रेस
भावा, हितंच गंडलास. 1944 ला अमर शेख, गव्हाणकर यांच्यासंगं लाल बावटा कलापथक काढलं त्यांनी. कामगारांम्होरं उभं राहून पोवाडं, वग. लिवल्यालं फसलं की म्होरचा गडी बिडी वढाय उठून जाणार! ह्याच्यापेक्षा कडक संपादक कुठला? तुझी वही कधी उठून जात न्हाई.

खडू-फळा
मी धागाकर्त्याच्या बाजूनं. एकतीस वर्षं मराठी शिकवलं. कोऱ्या कागदाची भीती रोज लिहिल्यानंच जाते, दुसरा उपाय मला सापडला नाही. आणि "दाखवा, दाखवा" म्हणून मागं लागू नका. सातवीत माझा निबंध वर्गात मोठ्यानं वाचून एका गुरुजींनी हशा पिकवला होता. पुढची वीस वर्षं मी पत्रापलीकडं काही लिहिलं नाही.

बिनसाखरेचा चहा
सर, चावडीवर वाचा असं कुणी म्हणत नाही. एका माणसाला दाखवा. आणि मुख्य मुद्दा राहिलाच: रोज नवं पान म्हणजे रोज पहिला खर्डा. सातशेच्या वर खर्डे झाले की हे! चार दिवस लिहा, तीन दिवस तेच खोडून पुन्हा लिहा.

संगमावरचा
बरं, घ्या. कालच्या पानातलं वाक्य: "पेव म्हणजे काळाच्या उदरात दडलेलं सोनेरी मौन."

झुणका एक्स्प्रेस
आयला.

मिरज जंक्शन
हे कुणीही लिहील, सांगलीला न येता. जमिनीखाली हळद साठवायचं पेव ना? त्यात उतरायचे कसे?

संगमावरचा
आजोबा सांगायचे. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही, आत हवा खराब असते. तोंड उघडं ठेवून थांबायचं. मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. विझला तर माणूस वरच. आजोबा कंदील सोडणारे. आत उतरायला त्यांना कायम भ्या वाटायचं, पण ते फक्त मला सांगितलं. बरीचशी पेवं 2005 च्या पुरात गेली.

झुणका एक्स्प्रेस
ह्ये वहीत हाय का?

संगमावरचा
नाही.

खडू-फळा
पण दोन वर्षं लिहीत होते म्हणून तर एवढ्या थोडक्यात सांगता आलं!

बिनसाखरेचा चहा
सर, विचारलं म्हणून सांगितलं. 😄