मदत हवी आहे: मुलुंड सोडून बदलापूरला जावं का?

नमस्कार. आम्ही मुलुंडला भाड्याने राहतो. मुलगी ४ वर्षांची, मुलगा अजून रांगतोय. ११ महिन्यांचा करार संपत आलाय आणि वाढीव भाडं आता झेपत नाही, म्हणून बदलापूर किंवा वांगणीचा विचार चाललाय.

नोकरी भायखळ्याला. कर्जत लोकलची गर्दी मी सोसेन, खरी काळजी पुराची आहे. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, उल्हास नदीचं पाणी बदलापुरातही शिरलं होतं. पूर्वेला की पश्चिमेला, नेमक्या कोणत्या भागात पाणी चढत नाही? हे तिथे राहणाऱ्यांनीच सांगावं, दलालांच्या शब्दावर लहान मुलं घेऊन जायची माझी तयारी नाही.

उन्हाळ्यात नळाला पाणी किती वेळ येतं? रात्री मूल तापलं तर उघडा असणारा बालरोगतज्ज्ञ जवळपास आहे का? पुढे मुलीसाठी आरटीईचा (खासगी शाळेतल्या राखीव मोफत जागांचा) अर्ज भरायचाय, त्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो. तिकडचे घरमालक तो करून देतात का?

बायकोचं म्हणणं, थोडं जास्त भाडं देऊन अंबरनाथलाच राहू. मलाही ते पटू लागलंय. दोन्हीकडे राहिलेल्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.