मदत हवी आहे: लॅपटॉपमधली पिवळी चिन्हं जात नाहीत, कुठला ड्रायव्हर टाकू?

निशिगंधा: काल लॅपटॉप फॉरमॅट करून विंडोज १० टाकलं, तेव्हापासून वायफाय गायब. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या भागांच्या यादीत, तीन पिवळी चिन्हं आहेत. उद्या सकाळी मीटिंग आहे, कुठला ड्रायव्हर (भाग चालवणारं सॉफ्टवेअर) टाकायचा तेवढं पटकन सांगा.

खटपट्या: कंपनी? मॉडेल?

निशिगंधा: दादाचा जुना लॅपटॉप आहे, खालचं स्टिकर पुसलंय. वायफायच तर हवंय, मॉडेल कशाला?

रानवाटा: ड्रायव्हर पॅक, म्हणजे सगळे ड्रायव्हर आपोआप बसवणारं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. एका क्लिकमध्ये काम होतं, मी कायम तेच वापरतो.

खटपट्या: अहो, नको! असले पॅक अंदाजाने काहीही बसवतात, वर नको ती सॉफ्टवेअरं गळ्यात मारतात.

रानवाटा: मला आजवर त्रास झालेला नाही. तुम्ही तरी कुठे उपाय सांगितलात?

जुनाजाणता: हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) टाका, लॅपटॉप पळायला लागेल.

निशिगंधा: काका, वेगाचं कोणी विचारलंय का? वायफाय!

खटपट्या: पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथल्या यादीत 'हार्डवेअर आयडीज'. जे दिसेल ते इथे टाका.

निशिगंधा: पहिलं व्हीईएन १४ई४, डीईव्ही ४७२७. दुसरं व्हीईएन ८०८६, डीईव्ही १सी३ए. तिसऱ्यात नुसतं एसीपीआय आणि एसएमओ८८००. पुढे बरंच काही आहे, तेही हवंय?

खटपट्या: एवढं पुरे. व्हीईएन म्हणजे चिप बनवणारी कंपनी, डीईव्ही म्हणजे नेमकी चिप. १४ई४ ब्रॉडकॉम, ४७२७ म्हणजे बीसीएम४३१३. हेच तुमचं वायफाय. ८०८६ इंटेल, १सी३ए हे ६ सिरीज चिपसेटचं मॅनेजमेंट इंजिन, त्यावाचून वायफाय अडत नाही. एसएमओ८८०० हा डेलच्या लॅपटॉपमधला फ्री फॉल सेन्सर (लॅपटॉप पडतोय हे ओळखणारा), म्हणजे कंपनीही कळली. चालू करताना एफ२ दाबा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी सेटिंग) सर्व्हिस टॅग, म्हणजे लॅपटॉपचा ओळख क्रमांक, दिसेल. तो डेलच्या साइटवर टाकलात की तुमच्याच मॉडेलचे ड्रायव्हर मिळतील.

रानवाटा: नेट नाही म्हणतायत ना त्या? साइट कशी उघडणार?

खटपट्या: मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, मोबाइलचं नेट लॅपटॉपला मिळेल.

निशिगंधा: टेदरिंग चाललं! विंडोज अपडेटनेच ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर आणला, वायफाय आलं. खूप आभार. सेन्सरचं राहू दे का?

खटपट्या: लॅपटॉप पडताना हार्ड डिस्कला इजा होऊ नये म्हणून तो असतो. साधी फिरती डिस्क असेल तर त्याचाही ड्रायव्हर सवडीने टाकाच.

जुनाजाणता: म्हणूनच म्हणतोय, एसएसडी टाका.